अर्जाला उत्तर हवे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावात आयुष्यभर टायपिंगचा क्लास चालवला. आजच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. लिपिकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द, ही अट इथल्या अनेकांना तोंडपाठ असेल. त्या परीक्षेत उमेदवाराला प्रश्न विचारत नाहीत. समोर उतारा ठेवतात, घड्याळ लावतात आणि जे काम उद्यापासून रोज करायचे आहे तेच आज थोडे करून दाखवायला सांगतात. किती शब्द झाले, किती चुका झाल्या, हे कोणीही मोजावे, उत्तर तेच येते. आडनाव, वडिलांचा हुद्दा किंवा बोलण्यातली सफाई यांचा गुणांशी संबंध येत नाही. आणि जो नापास होतो त्यालाही नेमके कळते की वेग कमी पडला की चुका जास्त झाल्या. पुढच्या सहा महिन्यांत काय सुधारायचे, हे ठरवून तो घरी जातो.

भरतीबद्दल मला जे सांगायचे आहे त्याचा बराचसा भाग या परीक्षेत आहे. नोकरी मागायला आलेल्या माणसाला कामाच्या कसोटीवर तपासले पाहिजे आणि तपासल्यावर त्याला उत्तर दिले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी होत नाहीत. त्याची किंमत उमेदवार मोजतो, आणि मालकही मोजतो.

माझी नोकरी इंजिनिअरिंग कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात झाली. वेल्डर, फिटर, मशीन ऑपरेटर, स्टोअरकीपर, अकाउंटंट, इंजिनिअर यांची भरती करणे हे माझे काम होते. निवृत्तीनंतर आयटीआयच्या आणि पदवीच्या मुलामुलींकडून अर्जाची आणि मुलाखतीची तयारी करून घेते. दोन्हीकडून मी एकच तक्रार ऐकत आले. कारखानदार म्हणतात, माणसे मिळत नाहीत. मुले म्हणतात, नोकऱ्या मिळत नाहीत. दोघेही खरे बोलतात. एकाच तालुक्यात, एकाच महिन्यात ही दोन्ही वाक्ये खरी असतात, कारण जाहिरातीपासून निकालापर्यंतची वाट मध्येच कुठेतरी तुटलेली असते.

एका औद्योगिक वसाहतीतले उदाहरण सांगते. कारखान्याला थोडे वेल्डर हवे होते. वॉक-इन ठेवला. जाहिरातीत ‘आकर्षक पगार’ आणि ‘अनुभवी उमेदवारांना प्राधान्य’ एवढेच लिहिले होते. जागा किती, पगार किती, नोकरी कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराकडे, यातले काही नव्हते. रात्रीच्या एसटीने मुले आली आणि सकाळपासून गेटबाहेर उभी राहिली. सिक्युरिटीच्या खिडकीतून बायोडाटा आत घेतले गेले, ‘कळवतो’ असे सांगितले गेले, आणि कोणालाही काहीच कळवले गेले नाही. जाण्यायेण्याचे तिकीट, झेरॉक्स, फोटो आणि बुडालेली एका दिवसाची मजुरी, हा सगळा खर्च ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे होते त्याने केला. कारखान्याचे काय झाले? पुढेही ते काम कंत्राटदाराच्या माणसांकडूनच चालू राहिले. अर्जांच्या त्या गठ्ठ्यात उत्तम वेल्डर असणारच. पण कागद चाळून वेल्डर ओळखता येत नाही.

वेल्डर कसा ओळखतात, हे कुठल्याही जुन्या फोरमनला विचारा. तो माइल्ड स्टीलच्या दोन प्लेट देतो, कडा तिरक्या घासून घ्यायला सांगतो आणि उभ्या स्थितीत जोड मारायला लावतो. मुलगा होल्डर कसा धरतो, करंट किती ठेवतो, स्लॅग साफ करतो की नाही, हे तो बघत असतो. मग जोडाची पट्टी कापून वाकवली की आत भेग आहे की नाही ते दिसते. अर्ध्या-पाऊण तासाचे काम. ज्या छोट्या कारखान्यांत मी ही पद्धत पाहिली, तिथे प्रमाणपत्र नसलेली मुले निवडली गेली आणि प्रथम श्रेणीतली काही मागे राहिली. मागे राहिलेल्यांची तक्रार नव्हती, कारण आपल्या जोडातली भेग त्यांनी स्वतः पाहिली होती.

हा फक्त माझा अनुभव नाही. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचे संशोधन एकत्र करून निवडीच्या १९ पद्धती ताडून पाहिल्या. निवडीच्या वेळचे गुण आणि नंतर प्रत्यक्ष कामात दिसलेली गुणवत्ता यांचा मेळ किती बसतो, हे ते शोधत होते. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे नव्या हिशेबाने तपासले. मेळ अजिबात नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक, अशी ही मोजपट्टी. आधी प्रश्न ठरवून, सर्वांना तेच विचारून, उत्तरांना ठरलेले गुण देणाऱ्या आखीव मुलाखतीला ०.४२ मिळाले. कामाचे ज्ञान तपासणाऱ्या परीक्षेला ०.४०, कामाच्या नमुन्याला ०.३३. आपण नेहमी घेतो त्या सैल, गप्पांच्या मुलाखतीला ०.१९. आणि अनुभवाची नुसती वर्षे मोजली तर ०.०७.

हा शेवटचा आकडा माझ्या सगळ्या उद्योजक मित्रांनी लक्षात ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘किमान ५ वर्षे अनुभव’ ही अट आपण सवयीने टाकतो. तिने दारातून परत जातात ती नुकती शिकून आलेली मुले, आणि लग्न किंवा बाळंतपणामुळे काही वर्षे घरी राहिलेल्या स्त्रिया. या अटीबदल्यात कामाची खात्री मात्र जवळजवळ मिळतच नाही.

आखीव मुलाखत घ्यायला पैसा लागत नाही. स्टोअरकीपर घ्यायचा आहे ना? मग आदल्या दिवशी बसून पाच प्रश्न लिहा. ‘रजिस्टरमधला साठा आणि रॅकवरचा साठा जुळला नाही तर तुम्ही पहिल्यांदा काय तपासाल?’ असे. चांगल्या उत्तरात काय यायला हवे, तेही लिहून ठेवा. दोघांनी मुलाखत घ्यावी, प्रत्येक उत्तरानंतर वेगवेगळ्या कागदावर गुण टाकावेत आणि सगळे उमेदवार संपेपर्यंत आपसांत बोलू नये. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यांत अवघड जातो. मोठ्या साहेबाने ‘पोरगा चुणचुणीत वाटतो’ म्हटले की शेजारच्याची पेन्सिल आपोआप वर सरकते.

आता सैल मुलाखतीत काय घडते त्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. ‘वडील काय करतात?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा काही वाईट नसते, ओळख वाढवायची असते. पण सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून जे नोंदवले ते वाचण्यासारखे आहे. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी सांगत आणि कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणे महत्त्वाचे आहे, असेही सांगत. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात असे त्यांना मनापासून वाटत होते. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. त्यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, नावे तेवढी वेगळी. सवर्ण नावाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता १ धरली तर तीच पात्रता असलेल्या दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लीम नावाला ०.३३ निघाली. लक्षात घ्या, अजून मुलाखत झालेली नव्हती. कोणाचा चेहरा दिसला नव्हता. कागदावर एक नाव होते, आणि तेवढ्यावर निर्णय होत होता.

ज्या राज्यात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, त्या राज्याच्या खासगी उद्योगाने हे आकडे आपल्या टेबलावर ठेवून वाचले पाहिजेत. उपाय अवघड नाही. पहिल्या चाळणीच्या वेळी नाव, फोटो, जन्मगाव आणि वडिलांचा व्यवसाय झाकून ठेवा. अर्जाला क्रमांक द्या. नाव निवड यादी झाल्यावर उघडा. स्त्रियांना ‘लग्न कधी करणार?’, ‘मूल लहान आहे, जमेल का?’ हे विचारणे तर आजपासून थांबवा. १९७६च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली होती, हे मुलाखत घेणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

माणूस पारखण्याची दुसरी परंपराही आपल्याकडे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. ते नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे त्यांनी स्वतः माणसे निवडली ती कामावरून. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक इंजिनिअर म्हणून घडले. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. नाकारले जाणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले होते, त्याने दुसऱ्याला नाकारताना कागदापलीकडे पाहिले.

सरकारी भरतीकडे वळते. खुल्या स्पर्धेने माणसे निवडायची पद्धत आपल्याकडे १८५५ साली आली, ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या वशिल्याची जागा सनदी सेवेच्या परीक्षेने घेतली. पण परीक्षा लंडनला. ती भारतातही व्हावी यासाठी दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर मागणी केली, आणि १९२२ पासून ती इथेही होऊ लागली. परीक्षेचे केंद्र कुठे आहे यावरच अर्धी स्पर्धा ठरते, हे दादाभाईंनी ओळखले होते. आजही गडचिरोलीच्या मुलीला दूरच्या जिल्ह्यातले केंद्र मिळते तेव्हा प्रश्न तोच असतो.

मुलाखतीच्या गुणांबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठाम भूमिका घेतली आहे. अजय हसिया खटला श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशाचा होता. लेखी परीक्षेला १०० गुण, मुलाखतीला ५०, आणि मुलाखत चालली दोन-तीन मिनिटे, त्यातही चौकशी आईवडिलांची आणि राहण्याच्या ठिकाणाची. एकूण गुणांत मुलाखतीचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या तर बरे, असेही सुचवले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने क आणि ड गटांच्या आणि ब गटातल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने निकाल दिला की भरती सुरू झाल्यावर, नियमांत किंवा जाहिरातीत मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष मध्येच बदलता येणार नाहीत. तो खटला राजस्थान उच्च न्यायालयातल्या अनुवादकांच्या १३ जागांचा होता. परीक्षा झाल्यावर किमान ७५ टक्क्यांची अट आली आणि तीनच जण निवडले गेले. निकाल चांगला आहे, पण अनुवादक होऊ पाहणाऱ्या त्या मुलांची मधली वर्षे तो परत देऊ शकत नाही.

आपल्या राज्यातली परिस्थिती तुम्ही घराघरांत पाहता. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. २०२३ च्या तलाठी भरतीला दहा लाखांहून अधिक अर्ज होते. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९००. गुणाकार केला तर रक्कम शंभर कोटींच्या घरात जाते, आणि ती बेरोजगारांच्या घरातून गोळा झालेली आहे. त्या परीक्षेची सत्रे पन्नासहून अधिक झाली, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या, म्हणून गुणांचे सामान्यीकरण करावे लागले. त्यात २०० गुणांच्या परीक्षेत कोणाला तरी २१४ गुण पडल्याचे दिसले आणि गदारोळ झाला. सूत्राप्रमाणे असे होऊ शकते. पण ते सूत्र, दोन सोडवलेल्या उदाहरणांसह, परीक्षेआधीच प्रत्येक उमेदवाराच्या हातात असते तर निकालाच्या दिवशी संशय कशाला आला असता? ज्याने शुल्क भरले आहे त्याला आपले गुण कसे निघाले हे कळण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक. २५ ऑगस्ट २०२४ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा होती आणि त्याच दिवशी आयबीपीएसची बँक लिपिकाची परीक्षा. पुण्यात मुले रस्त्यावर उतरली तेव्हा एमपीएससीने परीक्षा पुढे ढकलली, ती झाली १ डिसेंबरला. मुलांची मागणी रास्तच होती. पण सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून अभ्यासिकेची आणि मेसची फी भरणाऱ्या मुलासाठी ते आणखी तीन महिन्यांचे भाडे होते. दोन भरती संस्थांनी वर्षाच्या सुरुवातीला एकमेकींची वेळापत्रके पाहिली असती तर कोणालाच आंदोलन करावे लागले नसते.

संगणकाने चाळणी करणे आता वाढत जाणार आहे. अॅमेझॉनने असे एक साधन तयार करायला घेतले होते. ते जुन्या अर्जांवरून शिकले, जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, आणि बायकांचा उल्लेख असलेले अर्ज ते खाली ढकलू लागले. कंपनीने ते सोडून दिले, आणि २०१८ मध्ये हे जगाला कळले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात भरतीसाठी वापरायच्या अशा यंत्रणा मोठ्या जोखमीच्या म्हणून गणल्या आहेत. आपल्या उद्योजकांना माझे एवढेच सांगणे की यंत्राने नाकारलेल्या अर्जांतले काही अर्ज दर वेळी एखाद्या माणसाने वाचावेत.

उमेदवारांना बजावायच्याही गोष्टी आहेत. माझ्या वर्गात एक बी.कॉम. झालेली मुलगी आली. अर्जात लिहिले होते, ‘कष्टाळू, प्रामाणिक, शिकण्याची आवड’. शेकडो अर्जांत हीच ओळ असते. बोलता बोलता कळले की ती दोन वर्षे गावच्या पतसंस्थेत बसत होती. पिग्मी एजंटांचा रोजचा भरणा जुळवायचा, टॅलीत नोंदी करायच्या, महिनाअखेर फरक निघाला तर शोधायचा. हे अर्जात का नाही, विचारले तर म्हणाली, ‘मॅडम, ती काय नोकरी होती का?’ तिच्या अर्जातली सर्वांत मोलाची गोष्ट तिने स्वतःच खोडली होती. तेव्हा मुलांनो, काय केले ते लिहा. ऑपरेटर असाल तर कोणते मशीन, कोणता कंट्रोल, किती मायक्रॉनपर्यंतचे काम, मापे कशाने घेत होता, ते लिहा. जाहिरात वाचून प्रत्येक अर्ज त्या जागेपुरता पुन्हा लिहा. पन्नास ठिकाणी एकच कागद पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी नीट लिहिलेला अर्ज पाठवा. अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र विकत घेऊ नका, ते पहिल्याच आठवड्यात मशीनपुढे उघडे पडते. नोकरी देण्याआधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आणि ऑफर स्वीकारली असेल आणि रुजू व्हायचे नसेल तर त्याच दिवशी फोन करून सांगा. तुमच्यासाठी राखलेल्या जागेवर प्रतीक्षा यादीतला दुसरा कोणी तुमच्यासारखाच वाट पाहत असतो. मालकांकडून उत्तराची अपेक्षा करणाऱ्याने स्वतः उत्तर द्यायला हवे.

पगार लपवण्याची रीत मात्र मालकांनीच मोडायची आहे. ‘सध्या किती मिळतात?’ विचारून त्यावर थोडे चढवून देणे म्हणजे आधीच्या मालकाने केलेला अन्याय पुढे चालवणे. ज्या बाईला तिथे कमी मिळत होते, तिला इथेही कमीच मिळणार. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने मुलाखतीपूर्वी पगार सांगणे बंधनकारक केले आणि आधीचा पगार विचारायला बंदी घातली. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ पर्यंतची मुदत दिली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहायची गरज नाही. जाहिरातीत हातात पडणारी रक्कम छापा. ज्यांना ती परवडत नाही ते येणारच नाहीत, आणि शेवटच्या फेरीत ‘एवढ्यात जमणार नाही’ ऐकण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. घरी करायला दिलेली असाइनमेंट तासाभराहून मोठी असेल तर तिचे पैसे द्या. फुकट काम करून घेण्यासाठी मुलाखती घेणारी आस्थापने मी पाहिली आहेत, आणि त्यात शिकलेली, गरजू मुलेच भरडली जातात.

एवढे अर्ज येतात, सगळ्यांना उत्तर देणार कसे, असे मला नेहमी विचारतात. अर्ज घेणारे पोर्टल पोच पाठवू शकते, मग निकालही पाठवू शकते. छोट्या कारखान्यात अर्जांच्या यादीपुढे मोबाइल नंबर असतातच. मी असा मजकूर तयार करून आणला आहे, वाचून दाखवते: ‘वेल्डरच्या ६ जागांसाठी आपण १२ तारखेला चाचणी दिली. या वेळी आपली निवड झालेली नाही. आपल्या जोडात मुळाशी वितळ पूर्ण नव्हती, बाकी काम स्वच्छ होते. पुढील चाचणी तीन महिन्यांनी आहे, आपण पुन्हा येऊ शकता.’ हा मेसेज लिहायला दोन मिनिटे लागतात. तो मिळालेला मुलगा तीन महिने कशाचा सराव करेल, हे तुम्हाला आणि त्यालाही ठाऊक असेल.

या सभागृहात इथल्या औद्योगिक वसाहतीतले बरेच उद्योजक बसले आहेत. बाहेरच्या टेबलावर जाहिरातीचा एकपानी नमुना ठेवला आहे. त्यात जागांची संख्या, हातात पडणारा पगार, नोकरी कोणाच्या पटावर, चाचणी कशाची आणि निकालाची तारीख, यांसाठी रकाने आहेत. तुमच्या कामाला तो कुठे बसत नाही ते त्याच कागदावर लिहून द्या. आयटीआयच्या प्राचार्यांनी चाचणीसाठी वर्कशॉप द्यायचे मान्य केले आहे. ज्यांना पुढची भरती या पद्धतीने करून पाहायची आहे त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थांबावे, म्हणजे पहिल्या चाचणीची तारीख आजच ठरवता येईल.